नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अंतर आहे ते एका मात्रेचे. गेल्या अंकात आम्ही वाचकांना त्यांना भेटलेल्या आगळ्यावेगळ्या, गमतीदार नावांविषयी लिहायला सांगितले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांत नाव सांगून नुसते हसून घ्यायचे होते, ती बाजूला ठेवली आहेत. ज्यांत हसण्यानंतर ‘पण असे का?’ हा प्रश्न होता, ती इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या परिचितांची नावे अर्थातच गाळली आहेत. नावांविषयीच्या सदरात हे विचित्र दिसेल, पण त्याला इलाज नाही.

आमच्या घराण्याची वंशावळ नातवंडांना संगणकावर उतरवायला दिली. पाचव्या पिढीत दगडू, धोंडिबा, केरबा, कोंडिबा आणि उकिरडा अशी सख्ख्या-चुलत भावांची नावे ओळीने आली आणि मुलांची हसून पुरेवाट झाली. आमच्या पूर्वजांना आपल्या मुलांची काही किंमतच नव्हती का? (एक आजोबा, बार्शी)

किंमत नव्हती असे नव्हे, ती फार होती, आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये एवढ्यासाठीच ही नावे होती. ज्या काळात घरटी दोन-तीन मुले पाळण्यातच जात, त्या काळात मूल जगणे हे आईबापांच्या हातात नाही, ते दृष्टीच्या, सटवीच्या किंवा मरणाच्या मर्जीवर आहे, अशी समजूत होती. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळी जे लिहायचे ते लिहून जाते. अशा पाहुणीपुढे आपले लेकरू देखणे, लाडके आणि मोलाचे आहे असे मोठ्याने सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारात टांगण्यासारखेच होते. म्हणून मुलाला दगड म्हणायचे, कचरा म्हणायचे, भिकेत मिळालेले म्हणायचे.

यांतली बरीच नावे नुसती शब्दांची नव्हती, त्यांच्यामागे प्रत्यक्ष केलेली एखादी कृती असे. आधीची मुले दगावलेल्या आईचे नवे बाळ सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवायचे आणि शेजारणीने ‘कुणी टाकलेले दिसते’ असे म्हणत ते उचलून आणायचे. असा मुलगा केरबा, कचरू किंवा उकिरडा होई. पुढे आईने त्या शेजारणीला मूठभर कोंडा देऊन आपलेच बाळ ‘विकत’ घेतले, तर तो कोंडिबा आणि मुलगी असेल तर कोंडाबाई. बाळ फकिराच्या झोळीत घालून परत मागून घेतले, तर फकिरा, भिकू, भिकाजी. मुलाचे नाक टोचून त्यात नथ अडकवली, म्हणजे ही मुलगी आहे असे समजून संकट पुढे जाईल, तर तो नथू. हे सारे नाटक गावात सगळ्यांना ठाऊक असे, फक्त ज्याला फसवायचे त्याला ठाऊक नाही, अशी श्रद्धा होती.

मराठवाड्यात आणि नगर भागात भेटणारी कडूबाई, कडूबाळ ही नावे याच गोत्रातली आहेत. कडू जिन्नस तोंडात घेतला की थुंकला जातो, तसे मरणानेही हे मूल थुंकून टाकावे, हा त्यामागचा हिशेब. याच्या अगदी उलट टोकाला संत नामदेवांचे घर आहे. त्यांच्या चार सुनांची नावे परंपरा लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई अशी सांगते. या गोडव्याने भरलेल्या घरात लेकीचे नाव मात्र लिंबाई होते.

धोंडिबाच्या बाबतीत मात्र निकाल देण्यापूर्वी पंचांग पाहावे लागेल. धोंडा म्हणजे दगड हे खरेच, पण अधिक महिन्यालाही आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्यात (२०२३ मध्ये तो अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ) जन्मलेल्या मुलाचे नाव धोंडू किंवा धोंडो ठेवण्याची चाल होती. आपल्या धोंडिबांची जन्मतिथी कुठल्या जुन्या वहीत सापडली, तर ते दगड होते की कॅलेंडर, हे आपल्याला सांगता येईल. मात्र धुंडिराज हे नाव यांत मिसळू नये. दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज होते आणि त्याचा धोंड्याशी संबंध नाही. काशीच्या ढुंढिराज गणपतीचे ते नाव आहे.

नातवंडांना एवढे मात्र जरूर सांगा की, १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे कागदोपत्री धोंडोपंत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचून वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव होते, आणि १६७३ मध्ये मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेणाऱ्या फर्जंदाचे नाव कोंडाजी होते.

आमच्याही घरी एक चुलत आजोबा दगडूतात्या होते. त्यांच्या आधीची तीन भावंडे गेलेली होती. ते स्वतः नव्वदी ओलांडून गेले. पावसात भिजून आले आणि कुणी ‘तात्या, ताप येईल’ म्हणून काळजी केली, की अंगावरचे घोंगडे झटकत ते म्हणत, “दगडाला काय होतंय?” आपण वंशावळीत प्रत्येक दगडू-केरबाच्या आधी गेलेल्या भावंडांची संख्या कंसात लिहून पाहा. मुले तीच वंशावळ निराळ्या रीतीने वाचतील.

मी निवृत्त शिक्षिका आहे. हजेरी घेताना ‘नकुशी’ हे नाव आले की वर्ग हसायचा आणि ती मुलगी मान खाली घालायची. हे नावही दृष्ट लागू नये म्हणूनच ठेवलेले असते का? (सातारा जिल्हा)

नाही. ऐकायला ही दोन्ही नावे एका माळेतली वाटतात, पण त्यांची दिशा उलटी आहे. दगडू म्हणताना ‘हा हवा आहे’ हे लपवलेले असते, नकुशी म्हणताना ‘ही नको होती’ हे उघड सांगितलेले असते. तिसरी-चौथी मुलगी झाल्यावर देवाला पोहोचवलेला तो निरोप आहे आणि तो निरोप मुलीला जन्मभर पाठीवर वागवावा लागतो.

आपल्याच जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने समारंभपूर्वक अशा २८५ मुलींना नवी नावे दिली, हे आपल्याला आठवत असेल. कुणी देवीचे नाव निवडले, कुणी चित्रपटातल्या नटीचे. स्वतःचे बारसे स्वतः करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे ‘नको’, हे नाव याच अर्थाने ठेवतात. हरियाणात ‘भतेरी’, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’, असे नाव आढळते. त्याच हरियाणातल्या एका घरात ही शेवटची मुलगी ठरावी म्हणून तिचे नाव ‘अंतिम’ ठेवले. ती अंतिम पंघाल २०२२ मध्ये वीस वर्षांखालील कुस्तीत जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला आहे. तिने नाव बदललेले नाही.

आमच्या नातीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. गुरुजींनी जन्माक्षर ‘ण’ सांगितले. आत्याबाई गेले आठ दिवस ‘ण’ वरून मुलीचे नाव शोधत आहेत. असे नाव आहे का? (पुणे)

आत्याबाईंना आता विश्रांती द्यावी. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकूण एकशे आठ चरण, आणि प्रत्येकाला एक अक्षर असा हा तक्ता आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला आणि रोहिणीला ओ, वा, वी, वू इथपर्यंत सगळे सुरळीत चालते. पण तक्ता वर्णमालेच्या हिशेबाने भरलेला असल्यामुळे, ज्या अक्षराने मराठीत एकही शब्द सुरू होत नाही, तेही कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते. हस्ताला पू, ष, ण, ठ अशी अक्षरे आहेत. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’ आहे, तेव्हा आपल्या नातीवर फार मोठा अन्याय झाला आहे असे नाही. ‘ण’ने सुरू होणारे शब्द प्राकृतात आणि अपभ्रंशात भरपूर आहेत. जैनांचा णमोकार मंत्र आपण ऐकलाच असेल. परंतु शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारल्यावर ‘णायिका’ असे उत्तर देणाऱ्या मुलीची कल्पना करून पाहा.

याच तक्त्यातली शेजारची अक्षरे पाहिली तर दैवाला विनोदबुद्धी आहे अशी खात्री पटते. पूर्वाषाढेच्या चौथ्या चरणाला ‘ढा’ आलेला आहे. ज्या भाषेत एकटा ‘ढ’ उच्चारला की एका माणसाची सबंध बौद्धिक पात्रता सांगून होते, त्या भाषेतल्या पालकांनी ‘ढ’ वरून नाव ठेवायचे म्हणजे धाडसच. त्या मानाने ‘ठ’चे बरे आहे, जुन्या पिढीत ठकूबाई आणि ठमाबाई घरोघरी होत्या. ‘झ’ला झुंबराबाई होत्या आणि हल्ली झेलम आहे. ‘ष’ला षण्मुख तयारच असतो.

यावर आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची तोड अशी आहे की, चरणाक्षरावरून आलेले नावरस नाव पत्रिकेत लिहायचे, ते लग्न जमवताना गुण बघायला बाहेर काढायचे आणि एरवी हाक मारायला आवडेल ते व्यावहारिक नाव ठेवायचे. बारशाच्या दिवशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून वरून फिरले, की आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून सांगायचे ते हे दुसरे नाव. पत्रिकेतले नाव कानात कुणी सांगत नाही. तेव्हा आत्याबाईंनी मनाजोगते नाव ठेवावे आणि ‘ण’ गुरुजींच्या कागदावर सुखाने राहू द्यावा.

एक व्यावहारिक सूचना जाता जाता करतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत नाव नंतर घालता येते, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. नाव ठरत नाही म्हणून नोंदणीच लांबवू नये.

नातवाचे नाव ‘आरव’ ठेवले आहे. सूनबाईंनी मोबाइलवर अर्थ दाखवला, ‘शांत’. मुलगा मात्र रात्रभर आळी डोक्यावर घेतो. नावाचा परिणाम होत नाही असे समजावे का? (ठाणे)

परिणाम पुरेपूर झालेला आहे. ‘रु’ या धातूचा अर्थ आवाज करणे, ओरडणे असा आहे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून झालेल्या ‘आरव’ या शब्दाचा अर्थ नाद, कोलाहल, आरडाओरडा असा होतो. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात हा शब्द काढून सूनबाईंना प्रेमाने दाखवावा. पक्ष्यांच्या किलबिलाटालाही आरव म्हणता येते, तेव्हा नाव वाईट नाही, फक्त ते शांत नाही. अर्थ उलटा कसा झाला हे उघड आहे, कारण नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवल्या जातात आणि कोश उघडण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

याच प्रकारे ‘विवान’ या नावाचा अर्थ सूर्याचे पहिले किरण असा दिलेला असतो. तो किरण कुठल्या कोशातून निघतो, हे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. ‘कियान’ हे नाव संस्कृत म्हणून खपते, पण ते इराणच्या प्राचीन कयानी राजांच्या घराण्याकडून आलेले आहे. ‘अनया’ या नावाने मात्र मी नेहमी थबकतो. संस्कृतात ‘अनय’ म्हणजे अनीती किंवा दुर्दैव. आणि आपल्या गौळणींत अनय हा राधेचा नवरा आहे, ज्याला घरी ठेवून राधा पाण्याला जाते. मुलीला राधेचे नाव ठेवले तर समजते. तिच्या नवऱ्याचे नाव ठेवणारे पालक फारच निःपक्षपाती म्हटले पाहिजेत.

पूर्वजांनी या बाबतीत नियम घालून ठेवले होते. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, पहिला वर्ण घोष, म्हणजे ग, द, ब यांसारखा, असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे यावे, मुलीचे नाव मात्र विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे, असे पारस्कर गृह्यसूत्र सांगते. ‘आरव’ तीन अक्षरांचा असल्यामुळे तिथेही अनुत्तीर्ण होतो. ‘यमुना’ ही मुलगी पैकीच्या पैकी गुण मिळवते आणि योगायोग असा की, एकोणिसाव्या शतकात ती घरोघरी होती. तिची गोष्ट पुढे येणारच आहे.

आमच्या शेजारी अबोली नावाची एक मुलगी आहे. फुलाचे नाव म्हणून सुंदरच आहे, पण ती सकाळी सातला जी बोलायला लागते ती रात्री झोपेतही थांबत नाही असे तिची आई सांगते. तेव्हा नाव आणि गुण यांचा मेळ कसा बसेल, हे आपल्या हातात नसते.

अलिबागजवळच्या आमच्या गावात पूर्वी यहुदी कुटुंबे होती. त्यांच्या एका जुन्या कागदावर ‘समाजी’, ‘बनाजी’, ‘इसाजी’ अशी नावे दिसली. ही तर आपल्या मावळ्यांची नावे वाटतात! (रायगड जिल्हा)

आपल्याला तो कागद पाहायला मिळाला याचा हेवा वाटतो. हे बेने इस्रायल. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर अशी गावावरून ‘कर’ लावलेली आडनावे त्यांनी घेतली आणि बायबलमधल्या नावांना मराठी ‘जी’ जोडला. सॅम्युएलचा समाजी, बेंजामिनचा बनाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी आणि एलायजाचा एलोजी. घाण्यावर तेल न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘आबाजी’ अशी हाक मारताना त्या नावाचा मूळ पुरुष कोण, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि आबाजींचेही त्यावाचून काही अडत नव्हते.

असा प्रवास उलट्या दिशेनेही झालेला आहे आणि तो तर आपल्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. मालोजीराजांना मूल होत नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला गेला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, अशी परंपरागत हकिगत आहे. एका पिराच्या नावाचे दोन तुकडे करून दोघा भावांत वाटले. कान्होजी आंग्र्यांच्या थोरल्या मुलाचे नाव शेखोजी होते. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त ज्यांनी लावली, त्या आरफळकरांचे नाव हैबतबाबा होते, आणि हैबत हा अरबीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ धाक, दरारा असा आहे. वारीच्या वाटेवर लाखोंनी ज्यांचे नाव भक्तिभावाने घ्यावे, त्यांचे नाव ‘धाक’ असावे, यात कुणा वारकऱ्याला कधी विसंगती वाटलेली नाही.

आमच्या आजोळी दोमिंगो, पास्कोल, नाताल, सांतान, मिनिन अशी मामेभावंडे होती. वडील चेष्टेने म्हणत, ‘हे घर आहे की कॅलेंडर?’ (मडगाव)

वडिलांचे निरीक्षण बरोबर होते. पोर्तुगीज भाषेत दोमिंगो म्हणजे रविवार, पास्कोल हे ईस्टरवरून आणि नाताल हे ख्रिस्तजन्मावरून. सांतान हे सांत आना, म्हणजे संत ॲनचे नाव, जिच्या तळावली येथील फेस्ताला भाविक काकड्या वाहतात. मिनिन म्हणजे ‘मेनिनो’, बाळ येशू. पण यात गोव्याचेच वेगळेपण नाही. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे जन्मवारावरूनच येतात. वारली चित्रकलेला जगभर नेणारे, २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांच्या नावात मधला सोमा आहेच.

तुमच्या मते सर्वांत चमत्कारिक नाव कोणते? (नागपूर)

एक नाव सांगणे कठीण आहे, पण एक कुटुंब सांगतो. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या भुकेकंगाल ऋषीची कथा आहे. त्याला तीन मुलगे होते. थोरला शुनःपुच्छ, मधला शुनःशेप, धाकटा शुनोलाङ्गूल. ‘शुनः’ म्हणजे कुत्र्याचे. पुच्छ, शेप आणि लाङ्गूल यांचा अर्थ शेपूट, यांतल्या मधल्या शब्दाचा दुसरा अर्थ कौटुंबिक मासिकात देता येणार नाही. थोडक्यात, बापाने तिन्ही मुलांचे नाव ‘कुत्र्याचे शेपूट’ असेच ठेवले, फक्त समानार्थी शब्द बदलले. संस्कृतची शब्दसंपत्ती अशा वेळी कामी येते. पुढे याच बापाने मधल्याला शंभर गायींच्या मोबदल्यात यज्ञात बळी द्यायला विकले, थोरला बापाला प्रिय आणि धाकटा आईला प्रिय म्हणून. बळी जाता जाता देवांची स्तुती करून शुनःशेप वाचला. त्याला विश्वामित्राने मुलगा मानले आणि त्याचे नाव देवरात, म्हणजे ‘देवांनी दिलेला’, असे ठेवले. तरी लोक आजतागायत त्याला शुनःशेप म्हणूनच ओळखतात.

नावाला कंटाळलेल्या माणसाची आणखी एक जुनी गोष्ट पाली जातककथांत आहे. पापक नावाचा एक तरुण गुरूला म्हणतो, मला चांगले नाव द्या. गुरू त्याला नाव शोधायला पाठवतात. वाटेत जीवक नावाच्या माणसाची प्रेतयात्रा दिसते. कमाई आणली नाही म्हणून मार खाणारी दासी दिसते, तिचे नाव धनपाली. रस्ता चुकलेला माणूस भेटतो, त्याचे नाव पंथक. पापक परत येऊन म्हणतो, माझे आहे तेच बरे. अमरसिंग मेले, धनपाल भीक मागतो, लक्ष्मी गोवऱ्या वेचते, तेव्हा आपला ठणठणपाळच बरा, ही आपल्या आज्यांच्या तोंडची गोष्ट तीच आहे. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण म्हणजे तिचाच एका ओळीतला अवतार.

आजीच्या माहेरच्या जमिनीच्या कागदावर ‘यमुना’, शिधापत्रिकेवर ‘रमाबाई’ आणि आधार कार्डावर ‘बेबी’ असे नाव आहे. तिघी एकच, हे सिद्ध करता करता आम्ही हैराण झालो आहोत. (नाशिक)

तीन नावांच्या या आजीबाईंना आमचा नमस्कार कळवावा. त्यांचे पहिले नाव आईबापांचे, दुसरे सासरचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे आणि मुलीने त्या घटकेपासून त्या हाकेला ओ द्यायची. ताट हलले की तांदळातली अक्षरे मोडत, नाव मात्र शेवटपर्यंत राही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. गोदा आणि यमुना या नद्यांची रमा आणि आनंदी होत जाण्याचा तो काळ होता. तिसरे नाव ‘बेबी’ हे बहुधा घरातल्या हाकेचे. आधारच्या नोंदणीच्या वेळी कुणी तरी तेच सांगितले, आणि ते छापले गेले. हे नाव हलके समजू नये, दलित स्त्रीच्या आत्मकथनाचा पाया घालणाऱ्या लेखिका बेबीताई कांबळे याच नावाने ओळखल्या जातात.

कागदांपुरते सांगायचे तर, तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आजींच्या सहीअंगठ्यानिशी करावे, आणि पुढे एकच नाव चालवायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. अर्ज आता ऑनलाइन करता येतो. तिन्ही कागदांवरील नावांचे शुद्धलेखन जसे आहे तसे, वेलांटीसकट, प्रतिज्ञापत्रात उतरवावे, दुरुस्त करून लिहू नये. शुद्ध लिहिण्याच्या मोहाने चौथे नाव तयार होते.

आजींच्या पणतीचा जन्म १ मे २०२४ रोजीचा किंवा त्यानंतरचा असेल तर तिच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम येईल. आईच्या नावाला तिथे आता हक्काची जागा आहे, अर्थात त्या आईचे नाव सगळ्या कागदांवर एकच असेल तर.

लाडाचे नाव मोठेपणी चिकटून राहिलेली सर्वांत गमतीदार व्यक्ती कोण? (कोल्हापूर)

प्रसिद्धांत पाहिले तर लोकमान्य. १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते. घरात ‘बाळ’ म्हणत, आणि भारतीय असंतोषाचे जनक म्हणून ज्यांची धास्ती सरकारने घेतली, ते बाळ गंगाधर टिळक याच नावाने खटल्यांच्या कागदांवरही गेले. इंग्रज सरकारला आपण एका ‘बाळा’ला मंडालेला पाठवतो आहोत याची कल्पना असेल असे वाटत नाही.

अप्रसिद्धांत आमचे काका. त्यांचेही कागदोपत्री नाव बाळ. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना रक्ततपासणीसाठी एका रुग्णालयात नेले होते. त्याच मजल्यावर प्रसूतिकक्ष होता. परिचारिकेने दार किलकिले करून कागद पाहत पुकारले, “बाळ कुणाचं आहे? बाळाला आत आणा.” बाकावरून एक तरुण बाप आणि त्याची सासू घाईघाईने उठली. त्यांच्याआधी आमचे काका काठी टेकत उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, “कुणाचं नाही, माझं मीच आहे. कुठं यायचं?”